परदेशात इंग्रजी शिकवावयाचे आहे? प्रशिक्षणक्रमाची निवड करताना

सप्टेंबर १९९४ मध्ये मणिबेलीचे नाव इंग्रजी भाषेतून जगभर गेले. मोठ्या धरणांना जागतिक बँकेने अर्थसाहाय्य देणे थांबवावे, अशी मागणी करणाऱ्या ‘मणिबेली जाहीरनाम्या’ला ४४ देशांतील ३२६ संस्था-संघटनांनी पाठिंबा दिला होता. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील ज्या गावांना सर्वांत आधी गाठले, त्यांतील अक्कलकुवा तालुक्यातल्या या नर्मदाकाठच्या गावाचे गाऱ्हाणे जगाने इंग्रजीतून वाचले. त्या काळी राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. ती पहिलीपासून आली २००० साली. म्हणजे गावाचे नाव ज्या भाषेतून साता समुद्रापार पोहोचले, त्या भाषेचे पहिले अक्षर येथील मुलाच्या हाती पडावयास दहा वर्षे वय उलटावे लागे.

आज चित्र बदलले आहे. सातपुड्याच्या पाड्यांतून आणि आपल्या वस्त्यांतून शिकून गेलेली मुले-मुली पदवीधर झाली आहेत, काहींनी इंग्रजी विषय घेऊन एम. ए. केले आहे, आणि त्यांच्यापैकी काहींच्या मनात परदेशात जाऊन इंग्रजी शिकविण्याचा विचार येतो. हा विचार स्तुत्यच आहे. परंतु त्यासाठी कोणते प्रशिक्षण घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर बहुधा मोबाइलवरील जाहिरातीतून मिळते, आणि त्या जाहिरातीच्या भरवशावर घरातील दागिना गहाण पडतो किंवा सावकाराचे दार ठोठावले जाते. म्हणून या लेखात या विषयाची शक्य तितकी स्पष्ट मांडणी केली आहे. माजी विद्यार्थ्यांइतकीच ती पालकांसाठीही आहे, कारण पैसा बहुधा त्यांचाच असतो.

१. आधी ठरवावे : कोणाला आणि कोठे शिकवावयाचे?

‘परदेशात इंग्रजी शिकविणे’ या एका शब्दप्रयोगात दोन वेगळे व्यवसाय दडलेले आहेत. पहिला व्यवसाय शाळेतील इंग्रजीच्या शिक्षकाचा. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी म्हणजे सीबीएसईशी संलग्न अशा दोनशेहून अधिक शाळा भारताबाहेर आहेत. त्यांतील बहुसंख्य आखाती देशांत आहेत. मालदीवच्या बेटांवरील शाळांतही अनेक वर्षांपासून भारतीय शिक्षक शिकवीत आले आहेत. अशा ठिकाणी विचारणा होते ती पदवीची, बी. एड.ची आणि अध्यापनाच्या अनुभवाची. चार आठवड्यांचे प्रमाणपत्र तेथे पूरक ठरेल, पर्यायी ठरणार नाही.

दुसरा व्यवसाय भाषा-केंद्रातील शिक्षकाचा. व्हिएतनाम, थायलंड, लॅटिन अमेरिका, युरोप अशा ठिकाणी प्रौढांना आणि मुलांना परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकविणारी खासगी केंद्रे असतात. तेथे पदवीबरोबर इंग्रजी अध्यापनाचे खास प्रमाणपत्र मागतात. याच प्रमाणपत्रांना सर्वसाधारणपणे ‘टेफल’ किंवा ‘टेसॉल’ म्हटले जाते.

ज्याला दुबईतील भारतीय शाळेत जावयाचे आहे, त्याने महागडे टेफल प्रमाणपत्र घेणे म्हणजे नाव हवी असताना बैलगाडी विकत घेण्यासारखे आहे. उलट ज्याला हनोईतील भाषा-केंद्रात शिकवावयाचे आहे, त्याला बी. एड. असूनही तेथील वर्गासाठी वेगळी तयारी करावी लागेल. तेव्हा प्रशिक्षणक्रम निवडण्यापूर्वी देश आणि काम यांची निवड झाली पाहिजे.

२. पारपत्राचा अडसर

एक कटू वस्तुस्थिती प्रारंभीच सांगणे आवश्यक आहे. अनेक देशांत इंग्रजी शिक्षकाची पात्रता त्याच्या ज्ञानाआधी त्याच्या पारपत्रावरून, म्हणजे पासपोर्टावरून ठरते. दक्षिण कोरियाचे उदाहरण घ्या. परकी भाषा शिकविणाऱ्यांना तेथे ‘ई-२’ नावाचा व्हिसा मिळतो. इंग्रजीसाठी तो प्रामुख्याने अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारत आणि कोरिया यांच्यातील व्यापक आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला, आणि त्याद्वारे भारतीयांसाठी एक अरुंद वाट उघडली : शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून, आणि तीही पदवी व अध्यापनाची अधिकृत पात्रता असणाऱ्यांसाठी. म्हणजे तेथे भारतीय उमेदवाराच्या उपयोगी पडेल ते बी. एड.; केवळ टेफल प्रमाणपत्राने ते दार उघडणार नाही.

थायलंडमध्ये औपचारिक शाळेत शिकविण्यासाठी पदवी आणि तेथील शिक्षक परिषदेची अनुज्ञप्ती किंवा तिच्यातून तात्पुरती सूट लागते. जन्मभाषा इंग्रजी नसलेल्यांकडे भाषा-प्रावीण्याचा पुरावा स्वतंत्रपणे मागण्याची पद्धतही पुष्कळ ठिकाणी आहे. नियम वारंवार बदलतात. म्हणून त्या देशाच्या दूतावासाच्या अधिकृत माहितीवरून, आपल्या नागरिकत्वाला कोणता व्हिसा लागू आहे आणि त्यासाठी कोणती पात्रता लिहिली आहे, हे पैसे भरण्यापूर्वी वाचून घ्यावे. प्रशिक्षण देणारी संस्था हे क्वचितच सांगते, कारण तिचे अनेक ग्राहक त्या सात देशांतील असतात आणि त्यांना हा प्रश्न पडत नाही.

३. प्रशिक्षणक्रमांचे चार प्रकार

पहिला प्रकार केंब्रिजच्या ‘सेल्टा’ या प्रमाणपत्राचा. त्याची परंपरा १९६२ साली लंडनमध्ये जॉन हेक्राफ्ट यांनी सुरू केलेल्या अल्पमुदतीच्या शिक्षक-प्रशिक्षणापर्यंत मागे जाते. किमान १२० तासांचे हे प्रशिक्षण पूर्णवेळ केल्यास चार-पाच आठवड्यांत पूर्ण होते. अर्धवेळ आणि ऑनलाइन स्वरूपातही ते उपलब्ध आहे. त्याचा गाभा म्हणजे सहा तासांचे प्रत्यक्ष अध्यापन. प्रशिक्षणार्थी खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवितो आणि मागे बसलेला प्रशिक्षक प्रत्येक तासाचे मूल्यमापन करतो. शिवाय अनुभवी शिक्षकांच्या तासांचे निरीक्षण आणि चार लेखी स्वाध्याय असतात. प्रवेशापूर्वी लेखी चाचणी व मुलाखत होते. शुल्क सामान्यतः लाख रुपयांच्या पुढे जाते.

दुसरा प्रकार लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ‘सर्टटेसॉल’चा. किमान १३० तास, त्यांत सहा तास प्रत्यक्ष अध्यापन, आणि अखेरीस बाहेरून आलेल्या परीक्षकाची तपासणी. ब्रिटनच्या पात्रता-चौकटीत ही दोन्ही प्रमाणपत्रे पाचव्या स्तरावर आहेत आणि जगभरातील बहुतेक भाषा-केंद्रे त्यांना समकक्ष मानतात.

तिसरा प्रकार केवळ ऑनलाइन चालणाऱ्या टेफल अभ्यासक्रमांचा. ‘टेफल’ आणि ‘टेसॉल’ ही नावे कोणाच्या मालकीची नाहीत. कोणीही संस्था काढून त्या नावाचे प्रमाणपत्र देऊ शकते. त्यांतील काही अभ्यासक्रम चांगले आहेत, व्याकरणाची उजळणी नीट करून घेतात आणि काही नियोक्ते ते स्वीकारतातही. परंतु ज्या अभ्यासक्रमात एकाही खऱ्या विद्यार्थ्यासमोर उभे राहावे लागत नाही, त्यातून अध्यापनाविषयीची माहिती मिळते, अध्यापनाचा सराव होत नाही.

चौथा प्रकार आपल्याच देशातील आहे आणि नेमका तोच दुर्लक्षिला जातो. हैदराबाद येथे १९५८ साली इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली. तीच आज इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ या नावाने केंद्रीय विद्यापीठ आहे. इंग्रजी अध्यापनातील पदव्युत्तर प्रमाणपत्र व पदविका ही तिची जुनी ओळख. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा इंग्रजी अध्यापनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम किमान सहा महिन्यांचा असून तो नोकरी सांभाळून करता येतो. या संस्थांचे शुल्क परदेशी प्रमाणपत्रांच्या तुलनेत पुष्कळच कमी असते. यांच्याच जोडीला बी. एड. आहे. २०१४ च्या नियमांनुसार दोन वर्षांच्या झालेल्या बी. एड.मध्ये वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता आहे. तिच्यातून मिळणारा वर्गाचा अनुभव कोणत्याही चार आठवड्यांच्या प्रशिक्षणापेक्षा दीर्घ असतो, हे विसरता कामा नये.

४. मग वेगळे प्रशिक्षण हवेच कशाला?

बी. एड. झालेला, उत्तम इंग्रजी जाणणारा शिक्षक परदेशी वर्गात का अडखळतो? याचे कारण आपल्या शिकविण्याच्या सवयीत आहे. आपल्याकडे बहुतेक वर्गांत इंग्रजीचा धडा मराठीतून समजावून सांगितला जातो. शब्द आला की अर्थ सांगावा, वाक्य आले की भाषांतर करावे. शिक्षक आणि विद्यार्थी यांना सामाईक भाषा असते म्हणून हे चालते. हनोईच्या वर्गात मराठी नाही, आणि आपल्याला व्हिएतनामी येत नाही. तेथे इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी लागते, आणि तीही ज्यांना ती येत नाही अशांना.

एक उदाहरण पाहू. ‘मी पाच वर्षे येथे राहतो’ हे मराठीत साध्या वर्तमानकाळात म्हणता येते; इंग्रजीत मात्र ‘आय हॅव लिव्हड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ असे पूर्ण वर्तमानकाळात म्हणावे लागते. भाषांतराची सोय नसेल तर हा फरक कसा शिकवावा? प्रशिक्षित शिक्षक फळ्यावर काळाची एक रेषा काढतो, पाच वर्षांपूर्वीच्या बिंदूपासून आजच्या बिंदूपर्यंत ती जाड करतो आणि लहान लहान प्रश्न विचारतो : हा मनुष्य आता येथे राहतो का? येथे राहावयास तो केव्हा आला? तेव्हापासून दुसरीकडे राहावयास गेला का? उत्तरांवरून अर्थ पोहोचला की नाही हे कळते. ‘समजले का?’ असे तो विचारीत नाही, कारण त्या प्रश्नाला सर्व देशांतील मुले मान डोलावून ‘हो’च म्हणतात.

हे वाचून समजते, परंतु वाचून जमत नाही. प्रत्यक्ष तासाला हात थरथरतात, बोलणे वेगाने होऊ लागते, शिक्षकच सर्व वेळ बोलत राहतो. तास संपल्यावर प्रशिक्षक दाखवून देतो की चाळीस मिनिटांत विद्यार्थी किती थोडे बोलले. पुढच्या तासाला जोड्या करून बोलण्याचे काम द्यावे, सूचना तीन शब्दांत द्यावी, आधी एका जोडीकडून करून दाखवावे, असे सुचविले जाते. पुन्हा तास, पुन्हा परीक्षण. शिक्षक घडतो तो या आवर्तनातून. म्हणूनच निवडीचा पहिला निकष हा : खऱ्या विद्यार्थ्यांसमोर किती तास शिकवावे लागेल, आणि ते पाहून सूचना देणारा जाणकार असेल का?

५. अनोळखी भाषेचा धडा

ट्रिनिटीच्या प्रशिक्षणक्रमात एक घटक विशेष लक्ष देण्याजोगा आहे. प्रत्येक प्रशिक्षणार्थीला पूर्णतः अपरिचित अशी एक भाषा चार तास शिकावी लागते. शिकविणारा त्याच भाषेतून बोलतो. त्या काळात काय समजले, काय निसटले, केव्हा लाज वाटली, कशाने धीर आला, याची नोंद लिहून द्यावयाची असते. ज्याने आयुष्यभर इंग्रजीच ऐकली आहे, त्याला आरंभीच्या विद्यार्थ्याची अवस्था कळावी, हा त्यामागील हेतू.

नर्मदाकाठच्या पाड्यावरून वसतिगृहात आलेल्या सहा वर्षांच्या मुलाने हा धडा चार तास नव्हे, तर वर्षभर घेतलेला असतो. घरी भिली बोली, शाळेत मराठी, पलीकडच्या तीरावर गुजराती, बाजारात हिंदी आणि मग पुस्तकात इंग्रजी. गुरुजींच्या तोंडातून निघणारे शब्द कानावर आदळत आहेत, परंतु त्यांतला एकही ओळखीचा नाही, ही अवस्था त्याला कोणी समजावून सांगावी लागत नाही. या परिसरातील जीवनशाळांनी आरंभीचे शिक्षण मुलांच्या बोलीतून देण्याचा आग्रह धरला, तो याच अनुभवातून.

आपली इंग्रजी ‘जन्मजात’ नाही, उच्चारांवर मराठीची किंवा भिलीची छाया आहे, म्हणून आपण परदेशात कमी पडू, अशी भीती आपल्या अनेक विद्यार्थ्यांना वाटते. उच्चार स्पष्ट हवेत, यात शंका नाही. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांतील भेद, ऱ्हस्व-दीर्घ स्वर, आणि मराठीत मुळीच नसलेली ‘ए’, ‘अ‍ॅन’, ‘द’ ही उपपदे यांवर मेहनत घ्यावीच लागते. परंतु तीन-चार भाषा एकापाठोपाठ शिकून इंग्रजीपर्यंत पोहोचलेल्या माणसाला ती वाट पायाखालची असते. खळगा कोठे आहे, हे त्याला पडून माहीत झालेले असते. प्रवेशाच्या मुलाखतीत आणि नोकरीच्या अर्जात हा अनुभव संकोच न करता, नेमक्या शब्दांत सांगावा. शिक्षकाच्या व्यवसायात ते भांडवलच आहे.

६. जाहिरात कशी वाचावी?

पुढील प्रश्न संस्थेला लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखीच घ्यावे.

प्रत्यक्ष अध्यापनाचे तास किती आणि विद्यार्थी कोण? ‘सहप्रशिक्षणार्थींसमोर सराव’ म्हणजे खरा वर्ग नव्हे.

‘१२० तास’ म्हणजे काय? हा आकडा पुष्कळ जाहिरातींत असतो; पण प्रशिक्षकासमोरचे १२० तास आणि घरी बसून पडद्यावर वाचावयाचे १२० तास यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मान्यता कोणाची? ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ एवढे शब्द पुरेसे नाहीत. मान्यता देणाऱ्या संस्थेचे नाव घेऊन ती कोणी स्थापिली हे पाहावे. ‘पाचवा स्तर’ असा दावा असेल तर ब्रिटनच्या ऑफक्वाल या नियामक संस्थेच्या सार्वजनिक नोंदवहीत त्या पात्रतेचे नाव शोधता येते.

नोकरीची हमी आहे का? ‘शंभर टक्के हमी’ असे उत्तर आले तर सावध व्हावे. नोकरी नियोक्ता देतो आणि व्हिसा त्या देशाचे शासन देते. प्रशिक्षण संस्थेच्या हाती यांतले काहीच नसते.

याखेरीज एक सोपी कसोटी आहे. ज्या देशात जावयाचे, तेथील दहा नोकऱ्यांच्या जाहिराती समोर ठेवाव्यात आणि त्यांत कोणती पात्रता मागितली आहे, हे वहीत उतरवून घ्यावे. घ्यावयाच्या प्रमाणपत्राचे नाव त्या यादीत नसेल, तर पैसे खिशातच ठेवावेत.

७. खर्च, कागदपत्रे आणि दलाल

शुल्क हा एकूण खर्चाचा एक भाग असतो. मोठ्या शहरात चार-पाच आठवडे राहण्या-जेवण्याचा खर्च, आयईएलटीएससारख्या परीक्षेचे शुल्क, कागदपत्रांचे प्रमाणीकरण, व्हिसा, विमान आणि पहिला पगार हाती येईपर्यंतचा महिनाभराचा खर्च, हे सारे मांडून बेरीज करावी. आयईएलटीएसचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो, म्हणून ती परीक्षा उगाच लवकर देऊ नये.

पदवी आणि बी. एड.च्या मूळ प्रमाणपत्रांचे प्रमाणीकरण वेळखाऊ असते. राज्य शासनाच्या पडताळणीनंतर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का मिळतो. हेग करारातील देशांसाठी ‘अपोस्टिल’ पुरते. भारतात तो करार २००५ पासून लागू आहे. जे देश या करारात नाहीत, त्यांच्या दूतावासाचे वेगळे प्रमाणीकरण लागते. नाव, आडनाव आणि जन्मतारीख सर्व कागदांवर तंतोतंत एकच असावी. आपल्याकडे दाखल्यावर एक आणि आधारपत्रावर दुसरे नाव असण्याचे प्रकार फार आहेत. ही दुरुस्ती आधी करून घ्यावी.

दलालाविषयी पालकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला उत्प्रवास अधिनियम, १९८३ अन्वये नोंदणी बंधनकारक आहे, आणि नोंदणीकृत भरती संस्थांची नावे केंद्र शासनाच्या ‘ई-मायग्रेट’ यंत्रणेवर पाहता येतात. उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील कर अशी आहे. याहून अधिक मागणाऱ्याला, पावती न देणाऱ्याला आणि पर्यटक व्हिसावर जाऊन ‘तेथे गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. पर्यटक व्हिसावर काम करणे हा त्या देशात गुन्हा असतो, आणि त्याची शिक्षा आपल्या मुलाला किंवा मुलीला भोगावी लागते. दलाल तेव्हा फोनही उचलत नाही.

८. आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक क्रम

वरील सर्व बाबींचा विचार करता, ज्याच्या घरची परिस्थिती बेताची आहे अशा विद्यार्थ्याला पुढील क्रम सुचवावासा वाटतो. प्रथम इंग्रजी विषयासह पदवी. नंतर बी. एड., कारण ते देशातही उपयोगी आहे आणि परदेशातील शाळांतही. त्यानंतर किमान दोन वर्षे येथील शाळेत अध्यापन. पगारातून बचत व्हावी आणि अनुभवाचे पत्र मिळावे. त्याच काळात मुक्त विद्यापीठाचा किंवा हैदराबादच्या विद्यापीठाचा अध्यापनविषयक अभ्यासक्रम पूर्ण करावा. एवढे झाल्यावर भाषा-केंद्रातच काम करावयाचे असेल, देश निश्चित असेल आणि तेथे सेल्टा किंवा ट्रिनिटीचे प्रमाणपत्र मागितले जात असेल, तर स्वतःच्या बचतीतून ते करावे. जमीन विकून किंवा व्याजाने पैसे काढून पहिल्याच पायरीला ते करू नये.

या क्रमाला चार-सहा वर्षे लागतील. परंतु त्यातील कोणत्याही पायरीवर थांबावे लागले तरी हाती उपजीविकेचे साधन राहते. परदेश न लाभल्यास घेतलेले शिक्षण वाया गेले, असे होत नाही. इंग्रजी इंग्रजीतून, मुलांना बोलते करीत शिकविणारा शिक्षक धडगाव-अक्कलकुव्याच्या शाळांनाही तितकाच हवा आहे.

अध्यापनाचे प्रशिक्षण हा आपल्या परंपरेला नवा विचार नाही. भिडे वाड्यातील शाळेमुळे ज्यांचे नाव १८४८ या वर्षाशी कायमचे जोडले गेले, त्या सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगरला फरारबाई आणि पुण्याला मिचेलबाई यांच्याकडे शिकविण्याचे रीतसर शिक्षण घेतले होते. १८५४ च्या ‘काव्यफुले’त त्यांनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. इंग्रजी शिका असे सांगणाऱ्या त्या माउलीने शिकविण्याचे शास्त्रही आधी आत्मसात केले होते, हे आपण लक्षात ठेवावे.

ज्या माजी विद्यार्थ्यांनी यांतील एखादा प्रशिक्षणक्रम पूर्ण केला असेल, त्यांनी आपला अनुभव, झालेला एकूण खर्च आणि मिळालेले काम यांची प्रामाणिक माहिती शाळेला लिहून कळवावी. धाकट्या भावंडांना कोणत्याही जाहिरातीपेक्षा तिचा अधिक उपयोग होईल.